बंदिशींचा संग्रह हायकूवर चालवून पाहा

वह्यांमधल्या बंदिशी संगणकावर चढवायच्या ठरल्या की चर्चा लगेच ‘सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं’ इथे येऊन थांबते. कोटेशनं मागवली जातात, फॉन्ट दाखवले जातात, गुळगुळीत कागदावरचा छापील नमुना सगळ्यांना आवडतो आणि खरेदी होते. माझं म्हणणं असं की सार्वजनिक पैशातून किंवा सार्वजनिक संस्थेच्या नावावर होणाऱ्या अशा प्रत्येक कामाला खरेदीआधी एक परीक्षा लावावी. फारसं कुणी वापरत नाही अशी एखादी ऑपरेटिंग सिस्टिम, उदाहरणार्थ हायकू, घ्यावी, संग्रहातल्या दहा-बारा फायली आणि त्या छापणारी साधनं तिच्यावर न्यावीत, तिथेच मूळ कोडपासून बांधावीत, म्हणजे कंपाइल करावीत, आणि कागद बाहेर काढून दाखवावा. जे साहित्य तिथे जाऊ शकत नाही, ते आपल्या मालकीचं नाही. आपण फक्त त्याचं भाडं भरत आहोत.

बडोद्याला हा प्रश्न परका वाटू नये. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायक मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली. तिचा वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेकडे आहे. मौलाबक्षांची स्वतःची स्वरलेखन पद्धत होती. १९१६ साली संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही याच शहरात. गळ्यातून गळ्यात जाणारी चीज कागदावर यावी आणि तो कागद शिष्य नसलेल्यालाही वाचता यावा, यासाठी त्या पिढीने वाद घातले, टोमणे खाल्ले आणि काम उभं केलं. त्या काळी छापलेलं पान आजही उघडून पेटीवर वाजवता येतं. वीस वर्षांपूर्वी टंकलेल्या स्वरलिपीच्या फायलीबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि मला हे फार लाजिरवाणं वाटतं.

फाईल का मरते ते नीट पाहू. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये ‘कोमल रे’ अशी नोंद नसते. असतं ते एखादं रोमन अक्षर, आणि फॉन्ट त्याच्या जागी खाली रेघ असलेला रे काढतो. फॉन्ट हरवला की पानभर निरर्थक अक्षरं उरतात. प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हे दुखणं अर्धंच बरं होतं. खालची रेघ, वरचं टिंब, खालचं टिंब, उभी रेघ यांची जोडचिन्हं युनिकोडमध्ये आहेत, पण ती ‘रे’ किंवा ‘नि’सारख्या मात्रा असलेल्या अक्षराला लावली की बऱ्याच फॉन्टमध्ये जागेवर बसत नाहीत. टिंब मात्रेवर चढतं, रेघ अर्ध्या अक्षराखाली येते.

त्याहून मोठी अडचण अर्थाची आहे. भातखंडे पद्धतीत स्वरावरचं टिंब तार (वरच्या) सप्तकाचं आणि खालचं मंद्र (खालच्या) सप्तकाचं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत वरचं टिंब मंद्राचं, आणि तार सप्तकासाठी उभी रेघ. फायलीत नुसतं ‘वर टिंब’ साठवलं आणि पद्धत कोणती ते लिहायचं राहिलं, तर पुढच्या वाचणाऱ्याचा स्वर दोन सप्तकं चुकू शकतो. म्हणून फायलीत चिन्हाचं रूप साठवू नये, त्याचा अर्थ साठवावा. हा स्वर कोमल आहे, मंद्रात आहे, अर्ध्या मात्रेचा आहे, एवढं फायलीला ठाऊक असावं. रेघ कुठे काढायची ते छापणाऱ्या साधनाने ठरवावं.

असा मजकूर लिहायला महागडं काही लागत नाही, साधी टेक्स्ट फाईल पुरते. एक ओळ अशी:

सा रे ग प | ग रे सा रे | ग - प ध | प ग रे सा

दोन मात्रांमध्ये मोकळी जागा, विभागाला उभी रेघ, लांबवलेल्या स्वराला आडवी रेघ. एका मात्रेत दोन स्वर असतील तर ते जोडून लिहायचे, ‘गरे’ असे. कोमलासाठी स्वरानंतर खालची रेघ (रे_), तीव्र मध्यमासाठी टोपीचं चिन्ह (म^), तार सप्तकाला वरचा स्वल्पविराम (सा'), मंद्राला साधा स्वल्पविराम (नि,). शेवटची दोन चिन्हं मुद्दाम निवडलेली आहेत. एबीसी आणि लिलीपाँड या दोन्ही स्वरलिपी-भाषांमध्ये सप्तकासाठी तीच वापरतात. फायलीच्या डोक्यावर राग, ताल, लय, कुणाकडून मिळाली आणि कुठल्या वहीतून घेतली, ही माहिती एकेका ओळीत.

इथे एक मतभेद नेहमी निघतो: स्वर देवनागरीत लिहावेत की रोमनमध्ये? रोमन सरगमची रूढ पद्धत सुटसुटीत आहे. मोठा आर शुद्ध, लहान आर कोमल, लहान एम शुद्ध मध्यम, मोठा एम तीव्र. बारा स्वरांना बारा अक्षरं, प्रत्येक एका बाइटचं. देवनागरीत ‘सा’ सहा बाइटचा होतो, आणि बाइट मोजणारं साधन त्याला सहा घरं देतं. त्यामुळे मोकळ्या जागा भरून रकाने जुळवायला गेलं की सगळी ओळ सरकते. बाइटऐवजी अक्षरं मोजणारी साधनंही फसतात, कारण ‘रे’ ही त्यांच्या लेखी दोन चिन्हं आणि डोळ्याला एकच अक्षर. तरीही माझा कौल देवनागरीला आहे. फाईल लिहिणार आहेत गाणं शिकवणाऱ्या बाई, आणि मूळ वहीशी ताडून पाहणार आहेत त्यांच्याच शिष्या. त्यांना लहान-मोठा एम लक्षात ठेवायला लावलं तर चुका स्वरांत होतील. रोमन रूपांतर साधनाच्या पोटात होऊ द्या. रकाने मोकळ्या जागांनी जुळवू नका. छापताना खरा तक्ता काढा, मग बाइटांचा प्रश्नच येत नाही.

रूपांतर करणारी ऑक भाषेतली छोटी स्क्रिप्ट पुरते. तिने पहिल्यांदा सफाई करायची. विंडोजवर लिहिलेल्या फायलीत ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह राहतं आणि शेवटची मात्रा त्यामुळे ‘सा’ म्हणून ओळखलीच जात नाही, ते काढायचं. फायलीच्या सुरुवातीची तीन बाइटांची खूण असेल तर तीही काढायची. मग एकरूपता आणायची: ‘नी’चा नि, ‘री’चा रे, हिंदी छपाईतल्या ‘सां’चा तार सा. विभागासाठी कुणी उभी रेघ देतं, कुणी पूर्णविरामाचा दंड. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. शब्दांच्या ओळीत अवग्रहाच्या जागी रोमन एस टंकण्याची सवय तर सर्वत्र आहे, कारण दोन्ही दिसायला जुळे भाऊ. तो एस फक्त शब्दांच्या ओळीतच बदलायचा.

त्यानंतर मात्रांची मोजणी. हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण वहीतली आणि टंकताना झालेली अशा दोन्ही चुका इथेच सापडतात. स्क्रिप्टला तालांचा एक तक्ता द्यायचा: त्रिताल १६ मात्रांचा, ४-४-४-४, टाळ्या १, ५, १३ वर आणि ‘खाली’ (टाळी नसलेली मात्रा) ९ वर, झपताल १० चा, २-३-२-३, टाळ्या १, ३, ८ आणि खाली ६, एकताल १२ चा, दोन-दोनचे सहा विभाग. प्रत्येक विभागातल्या मात्रा मोजायच्या आणि जुळल्या नाहीत तर ओळीचा क्रमांक सांगून थांबायचं. आपोआप दुरुस्ती करायची नाही. चीज कुठे चुकली हे माणसाने ठरवायचं.

आता छापणारी आणि वाजवणारी साधनं. एबीसी ही भाषा ख्रिस वॉलशॉ यांनी लोकधुनांसाठी तयार केली; तिच्या प्रमाणाची २.१ ही आवृत्ती २०११ ची. तिच्यातली फाईल घेऊन एबीसीएमटूपीएस कागद काढतं आणि एबीसीटूमिडी आवाज, म्हणजे संगणकाने वाजवायची मिडी फाईल. दोन्ही आज्ञा टंकून चालणारी, सी भाषेतली, आटोपशीर. पण ती पाश्चात्त्य संगीतासाठी घडलेली आहेत, त्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्या फायलीत तीन ठिकाणी हमखास घोळ होतो.

पहिला घोळ कोमल-तीव्राचा. एबीसीत एकदा लावलेलं कोमल किंवा तीव्र चिन्ह त्या खंडाच्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या भागाच्या, अखेरपर्यंत लागू राहतं. ललतमध्ये दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. तीव्र मध्यम आधी आला आणि पुढच्या शुद्ध मध्यमावर काहीच लिहिलं नाही, तर मिडीत तोही तीव्र वाजतो. आपण सबंध आवर्तनाला एक खंड मानलं तर हा संसर्ग सोळा मात्रा पसरतो. उपाय एकच: स्क्रिप्टने शुद्ध स्वरांवरही शुद्धाचं चिन्ह स्पष्ट लिहायचं. कागदावर चिन्हं जास्त दिसतील, चालेल. (लिलीपाँडमध्ये हा धोका नाही. तिथे प्रत्येक स्वराचं नाव स्वतःपुरतं पूर्ण असतं, आणि ती रचना मला अधिक प्रामाणिक वाटते.)

दुसरा घोळ तालाचा. झपतालात विभागाच्या रेघा दिल्या की दोन मात्रांचा खंड, मग तीनचा, असं साधनाला दिसतं आणि ते प्रत्येक ओळीवर तक्रार करतं. एबीसीत ‘ताल नाही’ असं जाहीर करण्याची सोय आहे, ती वापरावी. मोजणी आपल्या स्क्रिप्टने आधीच केलेली असते.

तिसरा शब्दांचा. आपल्याकडे अक्षर मात्रेखाली येतं, एबीसीत स्वराखाली. ‘ग -’ हा तिथे दोन मात्रांचा एकच स्वर होतो, म्हणून त्याखालचा अवग्रह गाळावा लागतो. आणि त्या आडव्या रेघेखाली नवं अक्षर असेल, जे बंदिशीत वारंवार असतं, तर स्वर तोडून दोन करावे लागतात. एका मात्रेत दोन स्वर आणि एकच अक्षर असेल तर उलट, दुसऱ्या स्वराखाली ‘अक्षर पुढे चालू’ अशी खूण द्यावी लागते.

मिडीला मी फक्त मुद्रित तपासण्यापुरतं मानतो. मींडेसाठी स्वर वाकवण्याची मिडीतली मूळ मर्यादा वर-खाली दोन अर्धस्वरांची आहे. सा वरून प वर जाणारी मींड सात अर्धस्वरांची असते; मर्यादा मुद्दाम वाढवल्याशिवाय ती तिच्यात बसत नाही, आणि बसवली तरी ते गाणं होत नाही. पण चुकीचा गंधार कानाला लगेच टोचतो, तेवढ्यासाठी ऐकावं. संग्रहात सा एकाच पट्टीला ठरवून ठेवावा आणि काळी एक, पांढरी चार जे हवं ते वाजवताना सरकवून घ्यावं. फायलीत पट्टी मिसळू नये.

हे सगळं लिनक्सवर एका बैठकीत उभं राहतं. मग हायकू कशासाठी? हायकू ही बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या धर्तीवर २००१ पासून स्वयंसेवकांनी घडवत आणलेली ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्सचं केंद्र (कर्नल) तिच्यात नाही, मांडणी वेगळी आहे, वापरणारे मोजके आहेत, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिची पाचवी बीटा आवृत्ती आली. म्हणजे ती पूर्णत्वाला गेलेली नाही. गायनवर्गातल्या रोजच्या संगणकावर ती बसवा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण परीक्षेसाठी ती उत्तम, कारण आपण नकळत काय काय गृहीत धरलं आहे ते ती एकेक करून दाखवते. शिवाय ती जुन्या यंत्रावर चालते. चौथ्या बीटाची किमान मागणी पेंटियम-दोन आणि ३८४ एमबी मेमरी एवढीच होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कितीतरी यंत्रं शाळा-संस्थांच्या कपाटांत पडून आहेत. परीक्षेसाठी त्यांतलं एक काढलं तर खर्च शून्य.

एबीसीएमटूपीएस हायकूवर नेताना काय अडतं ते क्रमाने सांगतो. यंत्र ३२-बिट असेल तर पहिला अडसर कंपायलरचा, म्हणजे मूळ कोडचा चालणारा प्रोग्राम करणाऱ्या साधनाचा. जुन्या बीओएसची ॲप्स चालावीत म्हणून ३२-बिट हायकूचा मूळ कंपायलर जीसीसी २.९५ आहे. सी भाषेत फंक्शनच्या मध्येच नवा व्हेरिएबल जाहीर करणारी एक ओळ भेटली तरी तो थांबतो. ‘सेटआर्क’ ही आज्ञा देऊन नव्या जीसीसीच्या वातावरणात जायचं आणि लागणारी लायब्ररीची पॅकेजं ‘एक्स८६’ असं शेपूट असलेली घ्यायची. नेमकं तेच विसरलं जातं आणि मग लायब्ररी असूनही सापडत नाही. ६४-बिट हायकूवर हा प्रकार नाही.

दुसरा अडसर गणिताच्या लायब्ररीचा. युनिक्सच्या सवयीने मेकफायलीत (बांधण्याच्या सूचनांच्या फायलीत) ‘एलएम’ जोडा असं लिहिलेलं असतं. हायकूत गणिताची फंक्शनं मूळ लायब्ररीतच आहेत, वेगळी फाईल नाही, म्हणून तुकडे जोडणारा लिंकर ‘सापडत नाही’ म्हणून अडतो. तेवढा शब्द काढला की पुढे जातं. तिसरा अडसर जागेचा. या साधनाच्या फॉरमॅट-फायली कुठे आहेत तो पत्ता बांधतानाच प्रोग्राममध्ये कोरला जातो, आणि तो ‘शेअर’ नावाच्या फोल्डरचा असतो. हायकूत त्या जागी ‘डेटा’ आहे, माहितीपानांसाठी ‘डॉक्युमेंटेशन’. पत्ता न बदलता बांधलं तर प्रोग्राम चालतो, पण आपली फॉरमॅट-फाईल नावाने मागितली की मिळत नाही, आणि दोष फायलीत शोधण्यात दुपार जाते. शिवाय पॅकेजमधून आलेला सगळा भाग फक्त वाचण्यापुरता असतो. हाताने बसवलेलं ‘नॉन-पॅकेज्ड’ फोल्डरमध्येच जावं लागतं.

नीट पॅकेज करायचं तर हायकूपोर्टर या पॅकेज बांधणाऱ्या साधनासाठी कृती-फाईल लिहायची. तिला तिथे ‘रेसिपी’च म्हणतात. मूळ कोडचा पत्ता आणि त्याची शा-२५६ बेरीज (फाईल बदललेली नाही हे ताडायची खूण), परवाना, चालताना काय लागतं, बांधताना काय लागतं, बांधायच्या आज्ञा, बसवायच्या आज्ञा. हायकूपोर्टर हे काम एका बंद खोलीसारख्या वातावरणात करतो, जिथे रेसिपीत लिहिलेल्या गोष्टींशिवाय काहीही नसतं. लिहायचं राहिलेलं प्रत्येक अवलंबन तिथे उघडं पडतं. माझ्या लेखी सगळ्या खटाटोपाचं फळ हीच यादी आहे. आपला संग्रह छापण्यासाठी नेमकं काय काय लागतं, याची तपासलेली यादी किती संस्था आज दाखवू शकतील?

देवनागरी हा वेगळा विषय. एबीसीएमटूपीएस पँगो या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीशिवायही बांधता येतं, आणि घाईत बहुतेक तसंच बांधलं जातं. मग स्वर छापले जातात, पण देवनागरी शब्द धड येत नाहीत. पँगोसह बांधायचं तर मागोमाग हार्फबझ, फॉन्टकॉन्फिग, फ्रीटाइप अशी वरात येते. दुसरी वाट म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं एसव्हीजी चित्र काढायचं: अक्षरं जोडण्याचं काम मग ब्राउझरकडे जातं. खुद्द हायकूच्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी नीट जुळत नाहीत, ‘नि’ची वेलांटी चुकीच्या बाजूला दिसते. बाइट बरोबर असतात, फक्त चित्र चुकतं. घाबरून तिथेच दुरुस्ती करायला गेलं की चांगली फाईल बिघडते. देवनागरी मजकूर क्यूटी या लायब्ररीवर बांधलेल्या संपादकात उघडावा.

पोर्ट झालं, म्हणजे साधन नव्या सिस्टिमवर नीट पोचलं, हे कशावरून ठरवायचं? तीच फाईल लिनक्सवर आणि हायकूवर चालवून निकाल ताडून पाहायचे. मिडी फाईल बाइटन्‌बाइट जुळली पाहिजे. पोस्टस्क्रिप्टमध्ये (छपाईच्या फायलीत) तयार केल्याची तारीख लिहिलेली असते, ती ओळ वगळून तुलना करायची.

हायकूत एक गोष्ट मोहात पाडणारी आहे. तिच्या बीएफएस फाईल-व्यवस्थेत प्रत्येक फायलीला राग, ताल, लय असे गुणधर्म चिकटवता येतात आणि डेटाबेसशिवाय ‘भूपाली, झपताल’ असा शोध घेता येतो. त्यासाठी आधी त्या गुणधर्माची सूची तयार करावी लागते, आणि सूची तयार होण्यापूर्वीच्या फायली तिच्यात येत नाहीत. त्या ‘रीइंडेक्स’ने पुन्हा घ्याव्या लागतात. सोय सुंदर आहे, पण फाईल फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर गेली की हे गुणधर्म गळून पडतात. म्हणून खरी नोंद फायलीच्या डोक्यावरच्या ओळींतच हवी, आणि गुणधर्म त्यावरून हवे तेव्हा स्क्रिप्टने चिकटवावेत. हाच नियम कुठल्याही महागड्या कॅटलॉग-सॉफ्टवेअरला लावून पाहा.

लिलीपाँडबद्दल दोन शब्द. छपाईचा दर्जा पाहिला तर त्याला तोड नाही. पण तो सी++, गाइल, पँगो, घोस्टस्क्रिप्ट अशा मोठ्या कुटुंबावर उभा आहे. त्यातल्या गाइल या स्क्रिप्ट-भाषेच्या जुन्या आवृत्तीवर तो वर्षानुवर्षं अडकून राहिला आणि म्हणून २०१७ साली डेबियन या लिनक्सची नववी आवृत्ती लिलीपाँडशिवाय निघाली. डेबियन काही कोपऱ्यातली सिस्टिम नव्हे. पुढे २.२४ या आवृत्तीत तो नव्या गाइलवर आला. बेल लॅब्सच्या प्लॅन ९ वर तर सी++ चा कंपायलरच सोबत येत नाही. तिथे लिलीपाँडचा विषय संपतो, आणि सी मधली छोटी साधनं मात्र युनिक्सशी जुळवून देणारा पॉझिक्स थर घालून न्यायचा प्रयत्न करता येतो. रिस्क ओएसवर फोल्डरांच्या मध्ये टिंब असतं, त्यामुळे नावातलं टिंब तिथे तिरकी रेघ होतं, आणि स्क्रिप्टमध्ये कच्ची नावं लिहिली असतील तर ती तुटतात. माझा निष्कर्ष: संग्रहाचा आधार एबीसीच्या वजनाच्या साधनांवर ठेवा, आणि स्मरणिकेसाठी, पुस्तकासाठी लिलीपाँड वापरा. मूळ फाईल दोघांहून स्वतंत्र राहिली तर हे जमतं. एबीसीएमटूपीएसच्या लेखकाचं पुढचं काम एबीसीटूएसव्हीजी हे जावास्क्रिप्टमध्ये आहे, म्हणजे छोटी साधनंही अमर नाहीत. पण छोटं साधन बदलायला आठवडा पुरतो.

पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर तरी टिकतं का? फिनाले हे स्वरलेखनाचं जगभर वापरलं गेलेलं सॉफ्टवेअर ३५ वर्षं चाललं आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीने ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. कंपनीला तो अधिकार आहे. बंदिशींचा सार्वजनिक संग्रह त्या अधिकारावर टांगून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बडोद्यापुरता आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. इथे एकाच वर्गात दांडिया बाजारातली मराठी मुलगी आणि शेजारी गुजराती माध्यमातला मुलगा बसतात. बंदिश बहुधा ब्रजातली. तीच चीज दोघांना आपापल्या लिपीत मिळायला हवी, आणि अर्थ साठवलेल्या टेक्स्ट फायलीतून ती मिळते. युनिकोडमध्ये गुजराती लिपीचं कोष्टक देवनागरीच्या समांतर बसवलेलं आहे. अक्षराच्या क्रमांकात ३८४ मिळवले की गुजराती अक्षर येतं. अवग्रहसुद्धा बरोबर येतो. चुकतं ते ठरावीक ठिकाणी: दंडाला गुजरातीत वेगळी जागा नाही, तो देवनागरीचाच ठेवायचा, मराठी ‘ॲ’ ३८४ मिळवल्यावर रिकाम्या जागी पडतो, तो आधी ‘ऍ’ करून घ्यायचा, ‘ऱ्या’मधल्या ‘ऱ’लाही तिकडे जोडीदार नाही, त्याचा साधा र करावा लागतो. तीन अपवाद, तीन ओळी. चित्र म्हणून साठवलेल्या पानातून हे कधीच होणार नाही. गुजराती प्रतीसाठी पुन्हा सगळं टंकावं लागेल, आणि पुन्हा चुकावं लागेल.

यावर आक्षेप येतील. ‘स्वरलिपीत गाणं मावत नाही, ध्वनिमुद्रण ठेवा’ हा आक्षेप शंभर वर्षांपूर्वीही होता आणि अर्धा खरा आहे. ध्वनिमुद्रण ठेवावंच. पण ध्वनिमुद्रणात राग शोधता येत नाही, आणि दोन वह्यांतला पाठभेद एका नजरेत दिसत नाही. टेक्स्ट फायलींची तुलना करणारी साधी आज्ञा नेमक्या त्या मात्रेवर बोट ठेवते. ‘शिक्षकांना हे जमणार नाही’ या आक्षेपाला मी मान देतो, कारण त्यांच्या वेळेची किंमत आहे. पण वरची ओळ पुन्हा पाहा: वहीत जे लिहितात त्याहून तिच्यात फार वेगळं काही नाही. कंपायलर आणि लायब्ररी हे एकदा कुणीतरी करायचं काम आहे, प्रत्येकाने रोज करायचं नव्हे, आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला प्रकल्प इथेच, याच विद्यापीठात सापडेल.

तेव्हा निविदेत किंवा देणगीच्या पत्रात अट घालायची ती अशी असावी: मूळ फायली युनिकोड टेक्स्टमध्ये, चिन्हांचा अर्थ सांगणारं एक पान, रूपांतराच्या स्क्रिप्टचा मूळ कोड, लागणाऱ्या साधनांची आवृत्तीसह यादी, आणि काम ताब्यात घेण्याआधी हायकूच्या ६४-बिट आवृत्तीवर, कोऱ्या यंत्रावर, संस्थेच्या माणसासमोर बारा फायलींचं छपाईसह प्रात्यक्षिक. बारांची निवड विचाराने करावी. एक ललतमधली, दोन मध्यमांसाठी. एक झपतालातली, विषम विभागांसाठी. एक विलंबित एकतालातली, जिथे एका मात्रेत चार-चार, आठ-आठ स्वर येतात. एक पलुस्कर पद्धतीच्या वहीतून उतरवलेली. एक मराठी पद, ज्यात ‘ऱ्या’ आहे. आणि एक रूपकातली, न चुकता. रूपक ७ मात्रांचा, ३-२-२, आणि त्याची समच, म्हणजे पहिली मात्राच, ‘खाली’ आहे. पहिल्या मात्रेला टाळी असणारच असं धरून चालणारी स्क्रिप्ट बाकीच्या अकरा फायलींत बिनबोभाट पास होते आणि या एकीवर अडते.